प्रोसेसरचं तापमान स्क्रीनवर दिसतं ते खरं का? उन्हाळ्यात पारखून घ्यायची रीत

मे महिन्याची दुपार, पत्र्याचं छत, आत सेवा केंद्राचं नाहीतर डीटीपीचं मशीन चालू. कुणीतरी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकतं, ९२ चा लाल आकडा बघतं आणि फोन करतं, "दादा, सीपीयू लई तापायलाय. नाहीतर सेन्सर तरी गेलाय."

या दोन्हींपैकी नेमकं काय, हे न बघताच बाजारातून नवा पंखा येतो, प्रोसेसरवर लावायच्या पेस्टची ट्यूब येते, कधी कधी मदरबोर्डसुद्धा बदलला जातो. लातुरात छपाईच्या कामाची मशीनं सांभाळताना हा खर्च मी बऱ्याच जणांना करताना बघितलाय. आकडा खरा की खोटा हे घरबसल्या, जवळपास फुकटात ठरवता येतं. फक्त क्रम पाळायचा. पहिल्यांदाच करणाऱ्याने खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने कराव्यात.

आधी हे जवळ ठेवा

- खोलीचं तापमान दाखवणारा थर्मामीटर. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर इथे चालत नाही, तो साधारण ३२ ते ४३ अंशांच्या पलीकडे काही दाखवतच नाही. भिंतीवरचा साधा किंवा आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर घ्या. गावात कुणी रेशीम शेती करत असेल तर त्यांच्या संगोपनगृहात तो असतोच, दोन दिवसांसाठी मागून आणा.
- तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर एचडब्ल्यू-इन्फो किंवा कोअर टेंप. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स.
- लोड देण्यासाठी, म्हणजे प्रोसेसरला मुद्दाम पूर्ण कामाला लावण्यासाठी, सीपीयू-झेड. त्यातलं स्ट्रेस बटण आपल्या कामाला पुरतं.
- प्रोसेसरचं पूर्ण नाव, आकड्यांसकट. "आय५ आहे" एवढ्यावर काही कळत नाही.
- वही-पेन. आकडे लक्षात राहत नाहीत, आणि घाबरल्यावर तर दोन-चार अंश आपोआप वाढतात.
- मशीनचं बिल. ते शेवटी लागेल.

१. हा आकडा येतो कुठून ते समजून घ्या

ही पायरी वगळू नका, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरजवळ, म्हणजे काम करणाऱ्या प्रत्येक भागाजवळ, सिलिकॉनमध्येच डिजिटल सेन्सर असतो. तो "आत्ता ६२ अंश आहे" असं सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढंच तो सांगतो. या मर्यादेला टीजेमॅक्स म्हणतात. मर्यादा १०० असेल आणि सेन्सर म्हणाला "३८ खाली", तर सॉफ्टवेअर वजाबाकी करून ६२ दाखवतं. सॉफ्टवेअरने मर्यादा चुकून १०५ धरली तर तोच प्रोसेसर, त्याच क्षणी, ६७ वर दिसेल. सेन्सरचा त्यात काही दोष नाही.

दुसरी गोष्ट, हे सेन्सर बसवलेत ते प्रोसेसर जळू नये म्हणून. त्यामुळे मर्यादेजवळ ते नेमके असतात आणि मर्यादेपासून जितके लांब, तितके ढोबळ. ९५ दिसत असेल तर तो आकडा बहुतेक खराच धरा. ३५ दिसत असेल तर "थंड आहे" यापलीकडे त्याला अर्थ देऊ नका. लोक नेमकं उलटं करतात, ३५ बघून खूश होतात आणि ९५ बघून सेन्सरला शिव्या घालतात.

एएमडीच्या रायझनमध्ये सॉफ्टवेअरला टीसीटीएल नावाचा आकडा मिळतो. काही मॉडेलांत तो मुद्दाम वाढवून दिलेला असतो, कारण सगळ्या मॉडेलांचे पंखे एकाच हिशोबाने फिरावेत असं कंपनीला हवं होतं. २०१७ सालच्या १७००एक्स आणि १८००एक्समध्ये ही वाढ २० अंशांची आहे, नंतरच्या २७००एक्समध्ये १० अंशांची. सेकंडहँड बाजारात हे प्रोसेसर अजून फिरतात. जुन्या सॉफ्टवेअरवर असा १८००एक्स ८५ दाखवत असेल तर आत ६५ आहे. नवं सॉफ्टवेअर वजाबाकी करून टीडाय, म्हणजे आतल्या सिलिकॉनचा खरा आकडा, वेगळा दाखवतं.

२. खोली मोजा

थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते तिथे ठेवा. मागे ठेवला तर गरम हवा लागून खोटा आकडा येईल. पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि लिहून ठेवा.

मोबाईलवरचं हवामानाचं तापमान इथे उपयोगाचं नाही. ते शहराचं असतं, तुमच्या पत्र्याखालचं नसतं. बाहेर ४२ असताना स्लॅबच्या खोलीत ३६ असू शकतं आणि पत्र्याच्या खोलीत ४२ च्या वरही.

आता एकच नियम. साध्या पंख्याने किंवा पाण्याच्या रेडिएटरने थंड होणारा प्रोसेसर आत येणाऱ्या हवेपेक्षा थंड असूच शकत नाही. खोलीत ३८ आणि स्क्रीनवर ३३ असेल तर स्क्रीन चुकतेय. यावर वाद घालायला जागा नाही.

डेझर्ट कूलर लावणाऱ्यांसाठी एक सूचना. कूलरमुळे खोलीची हवाच थंड होते, म्हणून थर्मामीटर कूलर चालू असतानाच वाचा. आणि त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. आकडा पाच-सात अंशांनी उतरतो हे खरं, पण बोअरच्या पाण्याचे क्षार आणि ओल बोर्डावर बसते आणि मग तापमान मोजायला मशीनच उरत नाही.

३. कोणती ओळ वाचायची

एचडब्ल्यू-इन्फो उघडलं की तापमानाच्या वीसेक ओळी दिसतात. नवखा माणूस त्यातली सगळ्यात मोठी ओळ पकडून घाबरतो. इंटेल असेल तर "सीपीयू पॅकेज" आणि "कोअर मॅक्स" बघा. रायझन असेल तर "टीसीटीएल/टीडाय". त्याच यादीत इंटेलसाठी "डिस्टन्स टू टीजेमॅक्स" असंही एक सदर असतं. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आकडा तोच, कारण सेन्सर मुळात तेवढंच सांगतो.

मदरबोर्डाच्या गटातल्या ओळी वेगळ्या. तिथे आयटीई किंवा नुवोटॉन कंपनीची एक छोटी चिप असते आणि तिला तापमानाच्या बऱ्याच वाहिन्या असतात. बोर्ड बनवणारा त्यातल्या सगळ्या जोडतोच असं नाही. न जोडलेली वाहिनी हवेतले आकडे दाखवते, १२७, उणे काहीतरी, किंवा "ऑक्स-टिन" नावाखाली दिवसभर ११० वर अडकलेलं काहीतरी. जो आकडा मशीन चालू केल्यापासून बंद करेपर्यंत हलत नाही, तो सोडून द्या.

इथला आणखी एक सापळा म्हणजे दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी चालवणं. बोर्डाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आणि एचडब्ल्यू-इन्फो एकाच चिपला एकाच वेळी विचारायला लागले की मधूनच वेडावाकडा आकडा उमटतो आणि "कमाल" रकान्यात कायमचा बसतो. एक बंद करा. वाचनाची गती दोन सेकंदांवर ठेवा. रायझनमध्ये फार भरभर विचारलं तर झोपलेले कोअर त्या विचारण्यानेच जागे होतात आणि निवांत मशीन उगाच तापलेलं दिसतं.

आणि हो, फॅरनहाइट की सेल्सिअस ते एकदा बघा. हसू नका, १४० बघून प्लग उपटणारे आहेत.

४. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा शोधा

इंटेलच्या किंवा एएमडीच्या अधिकृत पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव टाका. इंटेलच्या बऱ्याच मॉडेलांची मर्यादा १०० अंश असते, काहींची १०५. रायझन ५८००एक्सची ९०, ५६००जीची ९५. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५ आहे, आणि त्यातले मोठे प्रोसेसर पूर्ण लोडवर त्या ९५ ला जाऊन टेकण्यासाठीच बनवलेत. तिथे ९५ दिसणं हा बिघाड नाही.

ऑफिसातून निघालेली रिफर्बिश्ड मशीनं घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं. चौथ्या पिढीच्या आय५ ४५९० सारख्या प्रोसेसरच्या पानावर साधारण ७२ अंश लिहिलेलं सापडतं. ते वाचून लोक म्हणतात, "मर्यादा ७२ आणि माझं ८० वर!" तो ७२ चा आकडा टीकेसचा आहे, म्हणजे प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या झाकणाचा. सॉफ्टवेअर दाखवतं ते आतल्या सिलिकॉनचं, आणि त्याची मर्यादा १०० आहे. दोन वेगळ्या जागांची तापमानं एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

शाळेत किंवा टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये अजून इंटेलचा जुना कोअर टू ड्युओ असेल तर तिथे सॉफ्टवेअर मर्यादेचा अंदाजच बांधतं. ही मर्यादा प्रोसेसरमधूनच वाचण्याची सोय डेस्कटॉपवर २००८ सालच्या पहिल्या कोअर आय७ पासून आली. त्या काळातल्या ४५ नॅनोमीटरच्या कोअर टू प्रोसेसरांचे सेन्सर थंड बाजूला अडकतातही. एक कोअर ४१ वर खिळलेला, दुसरा ३४ पर्यंत उतरतोय, असं दिसलं तर तो त्या पिढीचा जुना आजार आहे. त्यापायी पैसे घालवू नका.

५. निवांत मशीनचा आकडा

मशीन चालू करून पंधरा मिनिटं काहीही करू नका. ब्राउझर बंद, अपडेट चालू नाही याची खात्री. मग आकडा वाचा आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करा.

डेस्कटॉपवर ही वजाबाकी साधारण ५ ते १८ अंशांत यावी. खोलीत ३८ आणि प्रोसेसर ४८ हे अगदी ठीक. पुण्या-मुंबईचे एसीत बसलेले लोक "माझं तर ३२ वर असतं" म्हणतात. त्यांची खोली २४ ची असते. वजाबाकी करा, दोघांचं मशीन सारखंच निघेल.

बायॉसमधला, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमधला, आकडा इथे वापरू नका. बायॉसमध्ये वीज वाचवायची सोय बहुधा चालू नसते, म्हणून तिथे विंडोजपेक्षा जास्त दिसतं.

६. लोड द्या आणि आकड्याची चाल बघा

खरी परीक्षा ही. लाइट जाण्याच्या वेळेत करू नका, अर्ध्यातच यूपीएस ओरडायला लागेल. एचडब्ल्यू-इन्फो समोर ठेवा, सीपीयू-झेडचं स्ट्रेस दाबा आणि घड्याळाकडे बघत दहा मिनिटं बसा. किती अंश झाले यापेक्षा ते कसे चढले, हे जास्त सांगून जातं.

निरोगी मशीनमध्ये पहिल्या सेकंदातच आकडा दहा-पंधरा अंशांनी उडी मारतो. सेन्सर सिलिकॉनमध्येच असल्यामुळे ही उडी होणारच, ती बघून सेन्सर वेडा झालाय असं समजू नका. नंतर तो सावकाश चढतो आणि पाच-सात मिनिटांत एका जागी थांबतो. बंद केल्यावर तितक्याच पटकन थोडा पडतो आणि मग हळूहळू उतरतो.

दुसरी चाल बघा. स्ट्रेस दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत आकडा थेट ९८-१०० वर. बंद केल्याबरोबर तितक्याच झपाट्याने ५० वर. आता मशीन बंद करा, बाजूचं झाकण काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा आणि हीटसिंकला, म्हणजे पंख्याखालच्या धातूच्या ठोकळ्याला, बोट लावा. तो गार असेल तर सेन्सर शंभर टक्के खरं बोलतोय. उष्णता प्रोसेसरमधून हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. इंटेलच्या डब्यातल्या गोल पंख्याला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एखादी अर्धवट बसलेली सापडते. हीटसिंक दोन बोटांनी हळूच हलवून बघा, एका कोपऱ्यात डुगडुगला की तीच खुंटी. बाणाच्या दिशेने फिरवून काढायच्या, उलट फिरवून मूळ जागी आणायच्या आणि समोरासमोरच्या जोडीने परत दाबायच्या. प्रत्येकीचा "टक" आवाज यायला हवा, आणि बोर्डाच्या मागच्या बाजूने बघितलं तर चारही काळे टोक बाहेर आलेले दिसायला हवेत. हीटसिंक उचलला असेल तर जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. नव्या कूलरच्या बुडाची पारदर्शक फिल्म तशीच ठेवून बसवलेलं मशीनही सापडतं, तीही एकदा बघून घ्या.

तिसरी चाल म्हणजे आकडा मिनिटामिनिटाने चढत जातो, थांबतच नाही, हीटसिंक चटका बसेल इतका गरम, आणि बंद केल्यावरही बराच वेळ उतरत नाही. इथेही सेन्सर खरा आहे. उष्णता हीटसिंकपर्यंत आलीय, पण पुढे हवेत जात नाही. पंखा काढून पात्यांच्या खाली बघा. आपल्याकडे कापसाच्या हंगामानंतर आणि सोयाबीनच्या मळणीनंतर तिथे गोधडीसारखा थर बसलेला असतो, वरून पंखा स्वच्छ दिसत असला तरी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटा गरगर फिरून बेअरिंग जातं.

आणि चौथी चाल, आकडा हलतच नाही. लोड आहे, पंखा ओरडतोय, मागून गरम हवा येतेय, आणि स्क्रीनवर ४० चे ४०. इथे मात्र वाचनातच गडबड आहे. आधी सॉफ्टवेअर बदलून बघा, मग बायॉस अपडेट.

कोअराकोअरात पाच ते दहा अंशांचा फरक चालतो. एकच कोअर बाकीच्यांपेक्षा वीस अंश वर असेल तर पेस्ट एका बाजूला कमी पसरलीय का ते बघा.

७. पहाट आणि दुपार ताडून बघा

आपल्या हवेचा एवढा तरी फायदा घ्या. एकाच दिवसात खोलीत बारा-चौदा अंशांचा फरक पडतो, त्यामुळे फुकटात प्रयोगशाळा मिळते.

बायॉसमध्ये जाऊन प्रोसेसरचा पंखा पूर्ण गतीवर बांधून ठेवा, नाहीतर दुपारी पंखा जोरात फिरून फरक झाकून टाकेल. पहाटे खोलीत २७ असताना दहा मिनिटं स्ट्रेस चालवा, आकडा लिहा. दुपारी ३९ असताना तेच करा. पहाटे ६८ आला असेल तर दुपारी ८० च्या आसपास यायला हवा. खोली जितकी चढली, साधारण तितकाच प्रोसेसर चढतो. दोन-तीन अंश इकडे-तिकडे चालतील. खोली बारा अंशांनी वाढली आणि आकडा तीनच अंशांनी वाढला, तर सेन्सरचं किंवा सॉफ्टवेअरचं गणित कुठेतरी बिघडलंय.

परभणीकडच्यांनी हाच प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करून बघावा. पारा पाच-सहावर आलेला असताना थंड बाजूचे आकडे किती सैल असतात ते लगेच कळेल.

८. मर्यादेला पोचल्यावर काय होतं ते बघा

खरोखर मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. एचडब्ल्यू-इन्फोमध्ये त्याची ओळ "नो" वरून "येस" होते आणि गिगाहर्ट्झचा आकडा पडतो. त्याहूनही वर गेलं तर मशीन सरळ बंद होतं.

प्रोसेसरची मर्यादा १०० असताना स्क्रीनवर १०४, थ्रॉटलिंग "नो" आणि वेग पूर्ण असेल तर सॉफ्टवेअरने मर्यादा चुकीची धरलीय. कोअर टेंपच्या सेटिंगमध्ये आधीच्या मालकाने हाताने काही भरून ठेवलंय का तेही बघा. लॅपटॉपमध्ये मात्र ८५-९० वरच थ्रॉटलिंग दिसू शकतं, कारण काही कंपन्या मर्यादा मुद्दाम खाली ओढून ठेवतात. आणि "पॉवर लिमिट" ची ओळ "येस" असेल तर तो विजेच्या हिशोबाचा मामला आहे, तापमानाचा नाही.

९. गनने मोजणं

कोरोनात घेतलेली कपाळाची गन इथे बहुतेक निरुपयोगी, ती अंगाच्या तापापुरतीच मोजते. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड गन मिळाली तरी चकचकीत धातूवर ती चुकतेच, कारण धातू स्वतःची कमी आणि आजूबाजूची उष्णता जास्त दाखवतो. हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. तरीही तो हीटसिंकचा आकडा, आतल्या सिलिकॉनचा नाही. लोडवर दोन्हींत वीस-तीस अंशांचं अंतर सहज असतं. त्यावरून सेन्सर खोटा ठरवू नका.

१०. मग सेन्सर गेला असं कधी म्हणायचं

दोन वेगळ्या सॉफ्टवेअरांत तोच आकडा, बायॉस अपडेट झालेला, पंखा-पेस्ट-खुंट्या बघून झालेल्या, आणि तरीही आकडा लोडवर हलत नाही, किंवा मशीन रात्रभर बंद ठेवून पहाटे चालू केल्याबरोबर ९० च्या वर आणि लगेच वेग पडतो. एवढं सगळं जुळलं तर म्हणा. असं क्वचित घडतं.

तेव्हा वॉरंटी बघा. डब्यात सीलबंद आलेल्या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरला साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी कंपनी देते. असेंबल्ड मशीनमध्ये बऱ्याचदा "ट्रे" चा प्रोसेसर टाकलेला असतो, डब्याशिवायचा. त्याला कंपनी थेट दाद देत नाही, जबाबदारी विकणाऱ्याची. म्हणून बिलावर "आय५ पीसी एक नग" एवढंच लिहून घेऊ नका. प्रोसेसरचं पूर्ण नाव, तो बॉक्स की ट्रे, आणि सिरीयल नंबर लिहून मागा. दुकानात जाताना वहीतले आकडे, खोलीचं तापमान आणि थ्रॉटलिंगच्या ओळीसकट स्क्रीनचा फोटो सोबत न्या. नुसतं "तापतंय" म्हटलं तर समोरचा पेस्ट लावून पैसे घेईल आणि मशीन परत देईल.